पावाचे दुकान आणि भिंतीवरचा तक्ता

कोथरूडच्या एका आतल्या रस्त्यावर गेल्या वर्षी एक छोटी बेकरी सुरू झाली असून तिथे केवळ पाव आणि पावाची भावंडे मिळतात. दुकानाचे नाव मी इथे देत नाही, कारण या परीक्षणात कौतुकाच्या जोडीला थोडी कानउघाडणीही आहे, आणि ती पिठाविषयी नसून व्युत्पत्तीविषयी असल्यामुळे तिच्यापायी कोणाचे गिऱ्हाईक तुटू नये अशी माझी इच्छा आहे. मालक मूळचे गोव्यातील साष्टीचे, पत्नी पुण्याची. भट्टी मालक सांभाळतात आणि गल्ला पत्नी सांभाळते. बसायला चार टेबले आहेत. पाठीमागच्या भिंतीवर छतापर्यंत पोचणारा एक रंगीत तक्ता असून त्यावर मोठ्या अक्षरांत 'एक शब्द, अनेक देश' असे लिहिले आहे. जगाच्या नकाशावर बाण काढून 'पाव' हा शब्द कुठून कुठे गेला ते त्यात दाखवले आहे, आणि पदार्थांची यादीही त्याच बाणांच्या वाटेने लावलेली आहे: गोव्याची पोई आणि उंडो, बंगाली पद्धतीने भाजलेली पाउरुटी, श्रीलंकेचा किंबुला बनीस, जपानचा आन्पान. हे दुकान खाण्याइतकेच वाचण्याचेही आहे, तेव्हा त्याचे परीक्षणही दोन्ही अंगांनी व्हायला हवे.

आधी खाण्याचे सांगतो. पोई उत्तम आहे. कोंड्यासकट गव्हाचे पीठ, वरून भुरभुरवलेला कोंडा, आणि फाडली की आतून वाफ सोडणारी पोकळी, ही पोईची तिन्ही लक्षणे इथे जमून आली आहेत. पुण्यात पोईच्या नावाखाली अनेक ठिकाणी जो मऊ, गोडसर, मैद्याचा फुगा विकला जातो त्याच्याशी हिचे काही नाते नाही. उंड्याचे कवच दाताखाली कुरकुरते आणि आतला भाग लवचिक राहतो. कात्रीने टोके कातरलेला कातरे पाव मात्र दोन वेळा कोरडा लागला. कांकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, चहात बुडवल्याशिवाय खाऊ नये. माझ्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी तो तसाच खाण्याचा प्रयत्न केला आणि पुढची दहा मिनिटे ते गालाला हात लावून बसले होते.

गोव्यात पूर्वी पावाचे पीठ फुगवायला माडाची सूर वापरत असत. युरोपातून आलेल्या लोकांना पाव हवा होता, पण त्यांच्या सवयीचे खमीर या हवेत हाताशी नव्हते, तेव्हा माडावरून उतरवलेला आणि काही तासांतच आंबू लागणारा रस त्यांच्या कामी आला. या बेकरीत सूर नाही, यीस्ट आहे, आणि तसे फळ्यावर स्वच्छ लिहिलेलेही आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला, कारण 'पारंपरिक' हा शब्द हल्ली जाहिरातीत इतका सैल झाला आहे की सूर न वापरता सुरेची चव विकणारेही भेटतात. भट्टीही लाकडाची नसून विजेची आहे आणि त्याचाही उल्लेख फळ्यावर आहे.

आता तक्त्याकडे वळतो. तक्त्याच्या मधोमध, लाल चौकटीत, असे लिहिले होते की पूर्वी मोठी रोटी चार भागांत कापून विकत, त्यातील एका भागाला म्हणजे पाव हिश्शाला लोक 'पाव' म्हणू लागले, आणि तेच नाव पुढे रूढ झाले. त्याखाली बारीक अक्षरांत पर्यायी मतही दिले होते: बेकरीत पीठ पायाने तुडवत, म्हणून हिंदीतील 'पाँव' या शब्दावरून पाव. गंमत अशी की याच तक्त्यावर लिस्बनहून गोव्याकडे येणारा जाडजूड बाणही काढलेला होता. म्हणजे शब्द पोर्तुगालहून आला हे बाण सांगत होता आणि तो पुण्यामुंबईतच कापाकापीतून जन्मला हे चौकट सांगत होती, आणि दोघांच्या मध्ये गिऱ्हाईक उंडो खात बसले होते.

या दोन्ही कथा फार लोकप्रिय आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पायाची कथा तर मराठीत उभीच राहू शकत नाही, कारण आपण पायाला पाय म्हणतो. तिच्यात तथ्य असते तर आज आपण पायभाजी खाल्ली असती. चार भागांची कथा ऐकायला अधिक पटते, कारण पाव म्हणजे चतुर्थांश हा अर्थ आपल्या तोंडात रोज असतो. पण मुंबईची लादी सहाची असते, बाराची असते, आणि गोव्याचा उंडो तर मुळातच एकटा, गोल आणि न कापलेला असतो. शिवाय पाव करणाऱ्याचे काय करायचे? गोव्यात त्याला पोदेर म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'पादेइरु' म्हणजे पाववाला यावरून आला आहे, आणि तो पोर्तुगीज शब्द मुळात पावाच्याच लॅटिन शब्दापासून तयार झालेला आहे. भट्टीला कोकणीत फोर्न म्हणतात, तोही पोर्तुगीज. धंदा आला तो आपली सगळी भांडीकुंडी आणि नावे घेऊन आला. त्यातील एकच शब्द, आणि तोही मुख्य मालाचा, आपल्या शेर-मापट्यांतून उचललेला असेल हे संभवत नाही.

पोर्तुगीजमध्ये पावाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'पांव' असा, नाकातून केला जातो. त्याच्या मागे लॅटिनमधील 'पानिस' हा शब्द आहे. वाक्यातील त्याचे नेहमीचे रूप 'पानेम'. स्पॅनिशमध्ये त्याचे 'पान' झाले, इटालियनमध्ये 'पाने', आणि फ्रेंचमध्ये नुसत्या अनुनासिकावर संपणारे 'पँ'. पोर्तुगीजने दोन स्वरांमधला न गिळला आणि त्याची आठवण म्हणून नाकातला सूर तेवढा ठेवला. हात म्हणजे 'मानुम' याचे 'मांव' झाले, कुत्रा म्हणजे 'कानेम' याचे 'कांव' झाले, त्याच वळणावर 'पानेम'चे 'पांव' झाले. मराठीत आल्यावर हा नाकातला सूरही गळून पडला. याला साक्ष हवी असेल तर ती आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे: लिलाव हा शब्दही पोर्तुगीजच, त्याचाही शेवट मूळ भाषेत याच नाकातल्या स्वराने होतो, आणि आपण त्याचेही शेपूट असेच 'आव' करून टाकले. पाव आणि लिलाव हे एकाच गलबतातून उतरलेले दोघे प्रवासी आहेत, असे तक्त्यावर लिहिले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

शेजाऱ्यांनी मात्र तो सूर जपला. गुजरातीत आजही 'पांउ' लिहितात, आणि बंगालीत तर चंद्रबिंदू देऊन 'पाँउरुटि' असे लिहितात. बंगाली शब्दाची रचना पाहण्यासारखी आहे: पोर्तुगीजांनी आणलेले पाव कशाला म्हणायचे हे लोकांना कळावे म्हणून त्याला घरची रुटि जोडून दिली. अर्थाने पाहिले तर हा शब्द 'रोटी-रोटी' असाच होतो, पण त्यात काही वावगे नाही. नवख्या पाहुण्याची ओळख करून देताना घरच्या माणसाने सोबत उभे राहावे तसे ते आहे. हिंदीतील पावरोटीही अशीच. या दुकानात पाउरुटी तव्यावर, वर साखर पेरून भाजून देतात. ती ठीक आहे, पण साखर जास्त असते आणि खालची बाजू प्रत्येक वेळी थोडी करपलेली मिळाली.

इथे दुकानाच्या पाटीबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. देवनागरी पाटी निर्दोष आहे, पण तिच्याखालच्या रोमन पाटीवर पाव हा शब्द पी, ए, यू अशा तीन अक्षरांत लिहिलेला आहे. मुंबईत आणि गोव्यात अनेक हॉटेलवाले असे लिहितात, त्यामुळे मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु पोर्तुगीज वाचणाऱ्या माणसाला त्या तीन अक्षरांतून पाव दिसत नाही, काठी दिसते. तो लाकूड या अर्थाचा स्वतंत्र शब्द असून लॅटिनमधील खुंटा या अर्थाच्या 'पालुस' या शब्दापासून आला आहे, आणि बोलीत त्याला एक ग्राम्य अर्थही आहे. ज्या लाल लाकडावरून ब्राझील देशाला नाव मिळाले त्या लाकडाच्या पोर्तुगीज नावातही हाच शब्द आहे. पोर्तुगीज शिकणाऱ्या परदेशी लोकांना हा नाकातला सूर न जमल्यामुळे बेकरीत जाऊन लाकूड मागण्याची वेळ येते, हा तिथला नेहमीचा विनोद आहे. आपण तर तो सूर पाटीवर रंगवूनच पुसून टाकला आहे.

आन्पान हा माझ्या मते या दुकानातील सर्वांत चांगला पदार्थ. मऊ, तळहाताएवढा बन, आत लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या आझुकी शेंगदाण्यांचे नव्हे, तर आझुकी कडधान्याचे गोड सारण, वर मधोमध किंचित दाबलेला खळगा. (पहिल्या दिवशी यादीत 'शेंगदाणे' असे छापले होते, ती चूक माझ्या देखत एका मुलीने दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ती सुधारली गेली, म्हणून इतक्या तपशिलाने लिहितो.) मराठी जिभेला हे सारण परके वाटत नाही, कारण पुरणाची ओळख आपल्याला आहेच. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा पावही गेला. जपानी जिभेला शेवटचा नाकातला सूर 'न' म्हणून सहज धरता आला, त्यामुळे पोर्तुगीजांनी गिळलेला लॅटिन न तिथे जणू परत आला आणि पावाला 'पान' म्हणू लागले. पुढे ख्रिस्ती धर्मावर आणि परदेशी लोकांवर बंदी आली तेव्हा पावाचे चलनही मागे पडले. देश पुन्हा खुला झाल्यानंतर 1874 मध्ये तोक्योच्या गिन्झा भागातील किमुराया या दुकानाने आन्पान केला, आणि 1875 मध्ये तो सम्राट मेजी यांना सादर करण्यात आला.

यातील एक गोष्ट तक्त्यावर नाही, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. किमुरायाने पीठ फुगवायला तांदळाच्या मद्याचे, म्हणजे साकेचे विरजण वापरले. गोव्यात माडाची सूर आणि जपानात तांदळाची साके: शब्द एकाच घरातून निघाला, पण ज्या ज्या गावी तो मुक्कामाला राहिला तिथल्या गुत्त्यातून त्याने आपले खमीर घेतले. मालकांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "काका, हे आमच्या आजोबांना सांगायला हवं होतं. सुरेचं भांडं घरात ठेवतो म्हणून आजी त्यांना रोज बोलायची."

जपानी मुलांचा एक उखाणा आहे: पान असूनही खाता येत नाही असे पान कोणते? उत्तर: फ्राय-पान. तळण्याच्या भांड्याचे नाव त्यांनी इंग्रजीतून घेतले, त्यातील पानाचा पावाशी काही संबंध नाही, आणि तो नाही म्हणूनच उखाणा जमतो. एक ध्वनी आणि एक शब्द या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्याला तर असा उखाणा त्यांच्यापेक्षा सोपा जावा, कारण आपले पान म्हणजे संस्कृत पर्ण. ते झाडाला असते, वहीला असते, जेवणाच्या पंगतीत मांडलेले असते आणि चुना-कात लावून तोंडातही असते. एखादा मराठी माणूस ओसाकात पानाचे दुकान विचारत निघाला तर त्याला बेकरीच्या दारात नेऊन उभे केले जाईल.

कोलंबोतही तेच होईल. पोर्तुगीज श्रीलंकेत 1505 मध्ये पोचले आणि सिंहलीत पावाला 'पान' हा शब्द रुळला. तिथल्या तमिळ भाषकांतही 'पाण' म्हणतात. सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या रिक्षाला तिथे 'चून पान' म्हणतात, म्हणजे सुरावटीचा पाव, कारण ती रिक्षा भोंग्यावर बेटहोव्हेनची एक पियानोची धून वाजवत येते. आमच्या मालकांना हे फार आवडले आहे, कारण साष्टीत पोदेर सायकलवर टोपली बांधून रबरी भोंगा वाजवत येतो, आणि त्यांनी तसाच एक भोंगा दुकानाच्या दाराला लावला आहे. नवी पोई भट्टीतून निघाली की तो वाजवतात. पहिल्यांदा मौज वाटते. वृत्तपत्र वाचत असताना चौथ्यांदा वाजला की वाटत नाही. श्रीलंकेचा किंबुला बनीस, म्हणजे मगरीच्या आकाराचा, साखर लावलेला लांबट बन, मुलांना आवडतो आणि मोठ्यांनी तो मुलांसाठीच सोडावा. तैवानमध्ये आणि कोरियात पावाला जे शब्द आहेत, अनुक्रमे 'फांग' आणि 'प्पांग', ते जपानीतून गेलेले आहेत. तक्त्यावरील बाण इथे बरोबर आहेत, पदार्थ मात्र यादीत नाहीत.

यादीत कासुतेरा आहे. हा जपानच्या नागासाकीचा प्रसिद्ध स्पंज केक, मधाच्या वासाचा आणि चौकोनी कापांचा. त्याच्या नावात पाव दिसत नाही, पण पोर्तुगीजमधील 'कास्तीलचा पाव' (कास्तील म्हणजे स्पेनमधील एक जुने राज्य) या नावातील पाव गळून उरलेला तो कास्तील आहे. हा उल्लेख तक्त्यावर नेमका आणि बरोबर केला आहे. केक मात्र घट्ट बसला होता. अंडी पुरेशी फेसलेली नसावीत असे माझ्या पत्नीचे मत पडले, आणि या विषयात मी तिच्यापुढे बोलत नाही.

आता पुन्हा त्या लाल चौकटीकडे यायला हवे, कारण चतुर्थांश अर्थाचा पाव हा काही भुरटा शब्द नाही. त्याची वंशावळ आपल्या पावरोटीच्या वंशावळीइतकीच मोठी आहे आणि तक्त्यात तिला मान मिळायला हवा होता, फक्त वेगळ्या चौकटीत. संस्कृतमध्ये पाद म्हणजे पाय, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. हा अर्थ जुना आहे: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात सर्व भूतमात्र हे त्या पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद द्युलोकात आहेत असे म्हटले आहे, ते याच हिशेबाने. प्राकृतातून येता येता त्याच पादाचे एकीकडे पाय झाले आणि दुसरीकडे पाव. एक पाद कमी तो पादोन, त्याचे पाऊण. एका पादासह तो सपाद, त्याचे सवा. सवासहा वाजले असे म्हणताना आपण पुरुषसूक्तातील मोजणी करत असतो. माझ्या वडिलांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती; त्यातील औट म्हणजे साडेतीन, आणि तो शब्दही 'अर्धचतुर्थ' म्हणजे चौथा अर्धा, अशा हिशेबातून आला आहे. पावशेर गेला तो 1956 च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर, हळूहळू. चार आण्यांची पावली दशमान नाणी आल्यावर 25 पैसे या नावाने काही काळ तगली आणि 30 जून 2011 पासून तेही नाणे चलनातून गेले. पाव किलो मात्र भाजीबाजारात ठणठणीत आहे.

फारसीतील पाय याच मूळ घराण्यातला, म्हणून तर पायात घालायचा तो पायजमा. लॅटिनमधील पायाचा शब्द 'पेस' आणि इंग्रजी फूट हेही त्याच पादाचे दूरचे चुलत भाऊ आहेत. खायच्या पावाचे संस्कृतात कोणी नातलग शोधायचेच असतील तर ते पादाकडे सापडत नाहीत. लॅटिन 'पानिस'चे मूळ खाऊ घालणे, सांभाळणे या अर्थाच्या धातूत आहे असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्या धातूचे संस्कृत रूप 'पा', म्हणजे रक्षण करणे. गोप आणि नृप या शब्दांच्या शेवटी तोच बसलेला आहे. तेव्हा चौकटीत लिहायचेच असेल तर पावाचा पायाशी नव्हे, गोपाशी संबंध आहे असे लिहावे. ते अधिक खरे आहे आणि गिऱ्हाइकालाही अधिक चक्रावून टाकील.

मराठीतील तिसरा पाव हा खाण्याचाही नाही आणि मापण्याचाही नाही. संस्कृत प्राप् या धातूपासून, प्राकृत 'पावइ' या रूपातून, आपल्याकडे पावणे हे क्रियापद आले. हिंदीत त्याचे पाना झाले. हिंदीत ते मिळवण्यापुरते राहिले, मराठीत मात्र ते देवाकडे गेले. देव पावतो, नवसाला पावतो, आणि आरतीत संकटी पावावे अशी आपण विनवणी करतो. माणूस समाधान पावतो आणि एके दिवशी मृत्यूही पावतो. मिळाले असे लिहून दिलेला कागद ती पावती. आमच्या सातारच्या नातेवाइकांच्या तोंडी पाहुणे 'पावणं' होऊन येतात, पण त्यांचे मूळ प्राघुण हा निराळाच शब्द. पावणेसहा वाजता पावणं आले, पाव किलो खारी आणि सहा पाव आणले, पावती घेतली, या एका वाक्यात चार वेगवेगळ्या घराण्यांचे शब्द एकाच वेषात उभे आहेत, आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. तक्ता करणाऱ्याला हीच गोष्ट दाखवता आली असती. त्याने सगळ्यांना ओढून एका घरात कोंबले.

पावाच्या शब्दाची एक शाखा मात्र तक्त्यात असायलाच हवी होती, कारण ती आपल्या इतिहासात घुसलेली आहे. सोबत पाव खाणारा तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कोम्पानिओ'. त्यावरून सोबत्यांचा मेळा ती कंपनी. जिने पेशवाई बुडवली त्या कंपनी सरकारच्या नावात पाव दडलेला आहे. आणि रेल्वेच्या पँट्री कारमधील पँट्री म्हणजे मूळची पाव ठेवण्याची खोली. याउलट पावाच्या आठवणीची एक कडवट बाजूही आहे. विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यायलेले गाव बाटले, अशा कथा कोकणात आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव खाणे म्हणजे धर्म सोडणे असे मानणारी माणसे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत होती. आज तोच पाव वड्याला कुशीत घेऊन महाराष्ट्राची ओळख बनला आहे. तक्त्याने हा भाग गाळला याबद्दल मी तक्रार करणार नाही. लोक तिथे नाश्ता करायला येतात.

सेवेविषयी थोडक्यात. गल्ल्यावरच्या बाई तत्पर आणि हसतमुख आहेत, पावती न मागता देतात. चहा बेताचा आहे. रविवारी सकाळी बसायला जागा मिळण्याची आशा धरू नये. टोस्ट आणि खारी पाव किलोच्या पुड्यांत मिळतात. टोस्ट इतका खरपूस आहे की तो खाल्ल्यावर तहान लागतेच, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण टोस्ट या शब्दामागचा लॅटिन धातू आणि तहान ज्यापासून आली ती संस्कृत तृष्णा हे दोन्ही सुकणे या एकाच मुळाचे फाटे आहेत. पिण्याचे पाणी मात्र मागावे लागते. दर पोईला 15 रुपये, उंड्याला 10, आन्पानला 60. आन्पान महाग वाटेल, पण सारण घरीच शिजवतात असे मी खिडकीतून पाहिले आहे.

तिसऱ्या भेटीत मी चौकटीची गोष्ट काढली. "अहो, हा मजकूर कोणी लिहिला?" असे विचारल्यावर मालक ओशाळून म्हणाले, "भाच्यानं. कुठंतरी वाचून. लोकांना चार तुकड्यांची गोष्ट फार आवडते, काका. फोटो काढतात." मी लिलाव आणि पोदेर यांचा दाखला दिला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "पोदेर तर आम्हीच. आमच्या घराला गावात अजून पोदेराचं घर म्हणतात. हे मला कसं सुचलं नाही?" मग त्यांनी गल्ल्यातून पेन काढून माझ्यापुढे ठेवले आणि पावतीच्या मागच्या बाजूला बरोबर मजकूर लिहून मागितला. मी चार ओळी लिहिल्या. त्यांच्या पत्नीने त्यातील एक खोडली, कारण ती फार लांब होती.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा लाल चौकटीवर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईने तीन ओळी लिहिल्या होत्या. पायाची कथा खाली बारीक अक्षरांत अजून तशीच आहे. शिडी मिळाली की तीही झाकू असे आश्वासन मिळाले आहे. दुकान सोमवारी बंद असते. पोई सकाळी साडेसातला निघते आणि दहाच्या आत संपते, त्यामुळे भोंगा ऐकू आला की निघावे.